मदत हवी आहे: काळ्या मातीवर बास्केटबॉलचं छोटं कोर्ट, खर्च कुठे वाचवावा?

नमस्कार मंडळी,

घर सांगलीजवळ, परसात ३५ बाय ४० फूट जागा मोकळी. मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या संघात खेळते. शाळेचं मैदान सहाला बंद होतं, मग घरी भिंतीवर ठोकलेल्या रिंगमध्ये अंधार पडेपर्यंत बॉल टाकत असते. जमीन उंचसखल. ड्रिबल करताना बॉल भलतीकडेच उसळतो आणि केळीच्या आळ्यात जातो, की चिखल पुसून पुन्हा सुरू. पावसाळ्याआधी तिला कोर्ट करून द्यायचं फार मनात आहे.

३० बाय ३० फूट, एकच रिंग असं धरून दोन ठेकेदारांना विचारलं. पहिले म्हणाले, आहे त्या जमिनीवर चार इंच काँक्रीट, एक लाख दहा हजार. दुसऱ्यांचं म्हणणं, आधी दोन फूट काळी माती काढायची, मुरूम भरून पाणी मारून रोलर फिरवायचा, वर दगडाचं सोलिंग (दगडांचा थर), ८ मिमी सळईची जाळी आणि पाच इंच एम-२० (मजबुतीची प्रत) काँक्रीट. सव्वादोन लाख. खांब, रिंग, बोर्ड पंचावन्न हजार वेगळे. ॲक्रिलिक कोटिंग चौरस फुटाला ४५ रुपये, म्हणजे आणखी चाळीस हजार. आमची तयारी दोन लाखांची.

पहिला दर परवडतो, पण धुण्याच्या दगडाजवळचा तीन वर्षांपूर्वीचा कोबा रोज दिसतो. पावसात माती फुगली, उन्हाळ्यात आकसली. आता मधल्या भेगेत करंगळी जाते आणि एक कड वर आली आहे. पळताना पोरीचा पाय अशा कडेला अडकला तर? शिवाय ३० फुटांसाठी शेवगा तोडावा लागेल. पेव्हर ब्लॉक चालतील का? हात कुठे आखडावा आणि कुठे अजिबात नाही?

प्रतिसाद

ताई, जमिनीखालच्या कामात एक रुपयाही वाचवू नका. पेव्हर ब्लॉकही त्याच मातीवर खाली-वर होतात. वाचवायचं ते मापात. बेसलाइनपासून (रिंगमागच्या कडेच्या रेषेपासून) फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर बिनअडथळा बॉल टाकायची रेषा ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट. २४ बाय २० मध्ये ती आरामात बसते. ४८० चौरस फूट, दुसऱ्या ठेकेदाराच्या दराने एक लाख वीस हजार. थ्री पॉइंटचा, म्हणजे लांबून बॉल टाकण्याचा सराव शाळेत होईल.

कोटिंग यंदा राहू द्या. तसंही काँक्रीटला २८ दिवस झाल्याशिवाय ते करू नये. वरून घोटून गुळगुळीत करू देऊ नका, झाडू फिनिश (ओल्या काँक्रीटवर झाडू ओढून खरखरीत पृष्ठभाग) सांगा, नाहीतर ओल्यात पाय सटकतो. ढाळ दहा फुटांना सव्वा इंच, घरापासून बाहेर. दहा-दहा फुटांवर काँक्रीटमध्ये कटरने खाचा मारून घ्या, म्हणजे भेगा वेड्यावाकड्या न जाता त्या खाचांत जातात. खांबाचा पाया आधी, वेगळा भरा, आणि रिंगची दहा फूट उंची तयार काँक्रीटपासून मोजा. आम्ही मातीपासून मोजली, रिंग पाच इंच खाली आली.

धागाकर्ती

मनापासून आभार! आज चुन्याने २४ बाय २० आखलं. शेवगा दीड हात बाहेर राहतोय, लेक तर तेव्हापासून त्या चुन्याच्या रेषेवरूनच बॉल टाकतेय. एकच विचारते: ढाळ शेवग्याकडे जातो. तिथे पाणी मुरून त्या कडेची माती फुगेल का? की कडेने पन्हळ काढून पाणी लांब सोडू?