दुहेरी काचेच्या आत पाणी धरतंय, अख्खी खिडकी बदलायची का?

नीलिमा_बाणेर

बाणेरला हायवेच्या बाजूला सातव्या मजल्यावर राहतो. ट्रकच्या आवाजाने रात्र रात्र झोप नसायची म्हणून २०१९ मध्ये यूपीव्हीसीच्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या. आवाज खरंच कमी झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पश्चिमेच्या बेडरूमच्या एका पल्ल्यात गेल्या पावसाळ्यापासून दोन काचांच्या मध्ये वाफ धरते. सकाळी खालच्या कडेला थेंब ओळीने बसलेले असतात, दुपारी ऊन आलं की गायब. आता कोपऱ्यात पांढुरके ओघळ कायमचे राहायला लागलेत. आतून पुसलं. सासूबाईंनी हात बाहेर काढून वायपरही फिरवला (मी ओरडलेच, सातवा मजला आहे!). डाग मधलाच आहे.

ज्याने बसवल्या तो म्हणतो, पाच वर्षांची गॅरंटी संपली, पूर्ण खिडकी बदला. सोसायटीतले एक काका म्हणतात, काचेला बारीक भोक पाडून आत ब्लोअर मारला की सुकते. कुणाचं ऐकू?

भोसरीचा_काचवाला

ताई, दोघांचंही ऐकू नका.

भोसरीत आमचा डीजीयू, म्हणजे दुहेरी काचेची सीलबंद युनिट, बनवायचा कारखाना आहे, आता मुलगा बघतो. आधी भोकाचं सांगतो. सातव्या मजल्यावर काच बहुधा टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) असणार, कोपऱ्यात बारीक शिक्का दिसेल. टफन काच भट्टीतून आल्यावर तिला भोक पाडता येत नाही. ड्रिल आत शिरला की अख्ख्या काचेचा चुरा, आणि खाली माणसं चालतात. साधी काच असली तरी भोक पाडून उपयोग काय? वाफ जाईल, कारण गेलेलं नसेल.

दोन काचांच्या मध्ये कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. त्यात बारीक दाणे भरलेले असतात, मॉलिक्युलर सिव्ह. आतली ओल शोषायचं काम त्यांचं. स्पेसर आणि काच यांच्यामध्ये ब्यूटाइलचा काळा दोर, तो ओल अडवतो. त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन, ते काचा धरून ठेवतं. पैसे वाचवायला काही जण ब्यूटाइल गाळतात आणि नुसतं सिलिकॉन भरतात. सिलिकॉन पाणी अडवतं, पण वाफ त्यातून आरामात जाते. असं युनिट पहिल्या दिवशी चकचकीत दिसतं.

दुसरी लबाडी दाण्यांची. डबा पावसाळ्यात उघडा राहिला की दाणे हवेतूनच पाणी पिऊन बसतात, मग तेच स्पेसरमध्ये भरले जातात. ओळखणं सोपं आहे. चार दाणे तळहातावर घ्यायचे, दोन थेंब पाणी टाकायचं. ताजे असतील तर चटका बसेल इतके तापतात. गार राहिले तर डबा कचऱ्यात. आमच्याकडे मान्सूनमध्ये सकाळी पहिलं काम हेच.

तुमच्या पल्ल्याला पश्चिमेचं ऊन आहे. दुपारी मधली हवा फुगते, सीलवर ताण येतो. रात्री आकसते आणि जिथे फट असेल तिथून बाहेरची दमट हवा ओढून घेते. रोज हेच. दाणे पोट भरेपर्यंत पितात, मग काच ओली दिसायला लागते.

आता खरा मुद्दा. नवी काच बसवण्याआधी फ्रेममध्ये पाणी कुठे साचतंय ते शोधा. फ्रेमच्या खालच्या पट्टीला बाहेरून लांबट भोकं असतात, पावसाचं पाणी निघून जायला. हायवेची धूळ, सिमेंट, नाहीतर सोसायटीच्या रंगाऱ्याचा रंग त्यात बसलेला असतो. कारागीर "गळू नये म्हणून" तीच भोकं सिलिकॉनने बुजवतो, हेही पाहिलंय. काच पाण्यात उभी राहिली की चांगलं सीलही सुटतं. काचेखाली प्लास्टिकचे पॅकर (काच उचलून धरणारे तुकडे) आहेत का तेही बीड, म्हणजे काच फ्रेममध्ये धरून ठेवणारी पट्टी, काढल्यावर बघा. नसतील तर काच थेट ओल्या खाचेत टेकलेली असते.

फ्रेम शाबूत असेल तर फक्त काच बदलते. बीड निघते, जुनं युनिट बाहेर, नवं आत. कारागिराला नीट हात असेल तर एका पल्ल्याला फार वेळ लागत नाही. अख्खी खिडकी काढायची तर प्लास्टर फुटतं, रंग जातो, आणि बिल त्याचंच मोठं होतं.

मंजिरी_रेडिंग

इंग्लंडमधून लिहितेय. आमच्या घराच्या आधीच्या मालकाने भोकाचा उपाय केलेला होता. काचेच्या खालच्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं, त्यावर प्लास्टिकची बुचं. पहिल्याच हिवाळ्यात त्याच काचा पुन्हा धुरकट झाल्या. इथे सगळे नुसतं युनिटच बदलतात. अख्खी खिडकी बदलली तर फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी योजना) नाहीतर कौन्सिलचं प्रमाणपत्र लागतं, फक्त काच बदलली तर ती भानगड नाही.

एक गंमत. नव्या काचेला थंडीत पहाटे *बाहेरून* दव पडायला लागलं तेव्हा माझ्या नवऱ्याने फसवलं गेल्यासारखं तोंड केलं. पण तो चांगला गुण आहे. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती गार राहते.

नीलिमा_बाणेर

काचवाले दादा, भोकं पाहिली. तीनपैकी दोन पूर्ण बुजलेली, एकातून तर चक्क वाळकं गवत निघालं. पण बाकीच्या पल्ल्यांत काही दिसत नाही. तीही जाणार आहेत का?

भोसरीचा_काचवाला

स्टीलच्या पेल्यात बर्फ भरा आणि पेला काचेला आतून टेकवून पाचदहा मिनिटं धरा. पेला काढून खोलीकडची बाजू कोरडी पुसा. पुसल्यावरही धुक्याचा गोल डाग दिसला तर तो आतल्या पोकळीत आहे, त्या पल्ल्याचं सील गेलं. कोरड्या युनिटमध्ये बर्फाने काही होत नाही. सगळ्या पल्ल्यांचं बघून एकदाच ऑर्डर द्या.

घाई मात्र नाही. दोन काचा आणि मधली पोकळी तशीच असते, त्यामुळे ट्रकचा आवाज वाफेने वाढत नाही. पांढरे ओघळ तेवढे जाणार नाहीत. फार दिवस ओल राहिली की काच आतून खाल्ली जाते, ती कशानेच साफ होत नाही.

घाटमाथा

मध्येच विचारतो. महाबळेश्वरच्या बंगल्यासाठी पनवेलहून डीजीयू नेले, बसवताच काचा पोटासारख्या फुगल्या. सील गेलं का?

भोसरीचा_काचवाला

अजून नाही, पण ताण मोठा आहे. पनवेलची हवा आत बंद करून तुम्ही साडेतेराशे मीटर वर नेलीत. तिथे हवेचा दाब साधारण सातव्या हिश्श्याने कमी, मग आतली हवा काच बाहेर ढकलणारच. युनिट बनवतानाच स्पेसरमध्ये बारीक नळी ठेवायला सांगायची असते. वर पोचल्यावर दाब सारखा झाला की ती नळी दाबून बंद करायची. आता तुमच्याच फॅब्रिकेटरला फोटो पाठवा.

नीलिमाताई, ऑर्डर देताना दोन्ही काचा सारख्या जाडीच्या घेऊ नका. सारख्या काचा एकाच सुरात थरथरतात, आवाज तिथून निसटतो. बाहेर ६ एमएम टफन, मध्ये १२ ची पोकळी, आत ४+४ लॅमिनेटेड (मध्ये फिल्म घालून चिकटवलेल्या दोन काचा), असं लिहून द्या. त्याआधी जुन्या युनिटची एकूण जाडी मोजा. हे साधारण २६-२७ एमएम होतं, जुनी बीड घेईल का हे कारागिराने पाहिलं पाहिजे. वजनही वाढेल, बिजागऱ्या तपासून घ्या. आणि बसवताना ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते काचेच्या कडेला लावू देऊ नका, त्यातलं ॲसिड सील खातं. न्यूट्रल सिलिकॉन आणायला सांगा, ट्यूबवर लिहिलेलं असतं.