जाहिरातींतील कामांची वाटणी
जाहिरातींतील स्त्री-पुरुषांच्या चित्रणावरील चर्चेत ‘जाहिराती समाजात जे आहे तेच दाखवतात’, असा मुद्दा मांडला गेला; तो मला अर्धाच पटतो, कारण तीस सेकंदांत काय दाखवायचे आणि काय वगळायचे याची निवड कोणीतरी पैसे मोजून करत असते. धुण्याच्या पावडरीची ठरावीक जाहिरात बारकाईने पाहावी: शर्ट मळवून येणारा मुलगा (मुलगी क्वचितच), डाग पाहून कपाळाला हात लावणारी आई आणि शेवटी पावडरीचे गुण समजावून सांगणारा, पडद्यामागचा पुरुषी आवाज. कष्ट तिचे आणि ज्ञान त्याचे, ही वाटणी कोणी बोलून दाखवत नाही, म्हणूनच ती खटकत नाही.

नियमांचे म्हणाल, तर अपायकारक ठरू शकणाऱ्या अशा साचेबद्ध चित्रणाला ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातींत मनाई आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थांबवलेल्या फोक्सवॅगनच्या जाहिरातीत अंतराळात तरंगणारे पुरुष होते आणि बाबागाडीशेजारी बसलेली स्त्री होती. सुटे पाहिले तर प्रत्येक दृश्य निरुपद्रवीच; एकत्र पाहिले की साहस त्याचे आणि बाळ तिचे, ही वाटणी दिसते. तेव्हाच थांबवलेल्या दुसऱ्या जाहिरातीत मात्र चीज खाण्याच्या नादात तान्ह्या बाळांकडे दुर्लक्ष करणारे बाप होते, म्हणजे हाच साचा पुरुषाला घरात बिनकामाचा ठरवतो, आणि या बाजूकडे आतापर्यंतच्या चर्चेत कोणी वळलेले नाही.