टारफुल्याची 'आत्मघाती उगवण' की आणखी काही?

आमच्याकडं चिकोडी भागात जोंधळ्यात नि उसात टारफुला हे तण येतं, निपाणीकडं तंबाखूच्या बुडात बंबाखू. अमरवेल, बांडगूळ वर दिसतात तरी, हे मुळावर जगणारे, डोकं वर काढेपर्यंत पीक अर्धं खाऊन झालेलं असतंय. गावातल्या लोकांसाठी मराठीत माहिती लिहितोय. टारफुल्याचं बी धुळीएवढं, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि पिकाच्या मुळातनं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन झिरपल्याशिवाय सहसा उगवत नाही. पीक नसताना तसलंच रसायन घालून बी उगवायला लावलं की मुळं न मिळाल्यानं काही दिवसांत मरतं. ह्याला 'आत्मघाती उगवण' लिहिलं तर वडील म्हणाले, बी कशाला जीव देईल, त्याला फसवलंय की. काय लिहू?

खानापूरहून उत्तर आलं: वडील बरोबर आहेत. 'हूल' घ्या. मिरगात पाऊस पडतो, आपण पेरतो, उगवून येतं आणि मग पाऊस हूल देतो नि कोंब वाळून जातात, अगदी तेच होतंय इथं. 'हूल देऊन उगवणं' म्हटलं तर शेतकऱ्याला समजावून सांगायला लागत नाही. अमेरिकेत कॅरोलायनात १९५६ ला टारफुला सापडल्यावर जमिनीत इथिलीन वायू सोडून हीच हूल दिली होती. आणि 'सापळा पीक' हा शब्द पण टाका, कापसाच्या मुळांनी बी उगवतं पण कापसावर ते जगत नाही, पहिलं स्ट्रायगोलॅक्टोन, म्हणजे स्ट्रायगॉल, १९६६ ला कापसाच्याच मुळातनं मिळालं.

निपाणीहून: एक दुरुस्ती. स्ट्रायगोलॅक्टोनला सगळीकडं 'संप्रेरक' (हार्मोन) लिहू नका. झाडाच्या आत फांद्या किती फुटाव्यात हे ठरवतं तेव्हा ते संप्रेरक (हे २००८ ला कळालं), मुळातनं बाहेर मातीत गेलं की ती 'हाक'. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की झाड जास्त हाक मारतं, मुळाशी राहून स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीला. ती हाक टारफुला ऐकतो. म्हणून स्फुरदाची उपासमार झालेल्या रानात त्याचा जोर जास्त, हे मात्र जरूर लिहा, शब्दापेक्षा हे कामाचं हाय.

'हाक' आणि 'हूल' दोन्ही घेतो. शेजारच्या कानडी काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, हां, मोस (म्हणजे फसवणूक). कानडीत लिहिताना तोच शब्द घालतो.