बाकी सगळं राखाडी, झेंडू तेवढा पिवळा : हे चालतं का?

पहाटपाळी
दसऱ्याच्या आदल्या पहाटे साडेचारला दादरच्या फूल मंडईत होतो. एक पाटीवाला समोरून आला, डोक्यावर पिवळ्या झेंडूची भरलेली पाटी, वर लोंबणारा बल्ब, बाजूला पांढऱ्या शेवंतीचे ढीग. फ्रेम झकास. पण मागे निळी ताडपत्री, गुलाबी पिशव्या, एक भलामोठा बॅनर, कुणाचा तरी पोपटी टीशर्ट. रंगीत ठेवला तर नजर ठरत नाही. पूर्ण कृष्णधवल केला तर झेंडू आणि शेवंती एकाच पांढुरक्या राखाडीत जातात, काय वेगळं होतं तेच कळत नाही. म्हणून पाटीतला पिवळा तेवढा ठेवला, बाकी रंग काढून टाकले.

आमच्या हौशी मंडळाच्या स्पर्धेत मोनोक्रोम विभागात दिला. बाद. परीक्षक वर म्हणाले, "लग्नाच्या अल्बमसारखं वाटतं." मला हे पटलेलं नाही. फोटो कशाचा आहे हे सांगायला एक रंग ठेवला, तर त्यात एवढं पाप काय?

शाईदौत
विभागाबद्दल परीक्षक बरोबर आहेत, तिथे वाद नको. फियाप (छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) या दोन्ही संस्थांच्या व्याख्येत मोनोक्रोम म्हणजे काळा ते पांढरा आणि मधल्या राखाडी छटा. अख्ख्या फोटोला एकच छटा दिली, म्हणजे सेपिया (जुन्या फोटोंसारखी तपकिरी) वगैरे, तर चालतं. तुकड्यापुरता रंग ठेवलात की तो रंगीत फोटो. तिकडे पाठवायला हवा होता.

आता अल्बमबद्दल. माझं लग्न करिझ्मा अल्बमच्या, म्हणजे संगणकावर पानं सजवून छापलेल्या अल्बमच्या जमान्यातलं. अर्ध्या पानांवर बायकोचा शालू लालभडक आणि मी, भटजी, अंतरपाट सगळे राखाडी. सासूबाईंनी अल्बम पाहिला आणि पहिलं वाक्य, "जावई आजारी दिसतायत." तेव्हापासून हा प्रकार माझ्या डोक्यात जातो.

गिरगावकरीण
अहो, पण हे काय मोबाइलवाल्यांनी शोधून काढलंय का? आमच्याकडे आजी-आजोबांचा लग्नानंतरचा फोटो आहे. मूळ कृष्णधवल, त्यावर स्टुडिओतल्या माणसाने हाताने रंग भरलेत. आजीच्या गालांवर गुलाबी, लुगड्याचा काठ हिरवा, नथीत लाल ठिपका. आजोबांना बिचाऱ्यांना काहीच नाही, नुसता कोट. साठ वर्षं भिंतीवर आहे, कुणी चलाखी म्हटलं नाही. आणि 'मुघल-ए-आझम' घ्या. १९६०चा सिनेमा, बराचसा कृष्णधवल, पण शीशमहालातलं गाणं रंगीत. रंग कुठे आला म्हणजे लोक सावरून बसतील, हे त्यांना बरोबर कळत होतं.

शाईदौत
गिरगावकरीणताई, शीशमहाल *अख्खा* रंगीत आहे. मधुबाला रंगीत आणि अकबर राखाडी असं नाही केलं. शिवाय आजीच्या फोटोत नव्हता तो रंग कुणीतरी घातला. इथे होता तो काढलाय. देणं आणि हिसकावणं एकच झालं का?

फिल्टरकॉफी
थोडं तांत्रिक. "झेंडू नि शेवंती एकच होतात" हे रूपांतर आळशीपणे केल्याचं लक्षण आहे, राग मानू नका. नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, शून्यावर आणलं की असंच होणार, कारण पिवळा मुळातच उजळ रंग. पण पिवळ्यात निळा जवळपास नसतो. कृष्णधवल करताना पिवळ्याची पट्टी खाली ओढा, झेंडू गडद होईल, शेवंती पांढरीच राहील. फिल्मच्या काळात हेच काम लेन्सवर निळी काच लावून व्हायचं. रंग न ठेवता दोन फुलं वेगळी दाखवता येतात.

पहाटपाळी
राग नाही. तेही करून पाहिलं होतं. फुलं वेगळी झाली, पण झेंडू कोळशासारखा झाला. दसऱ्याला काळा झेंडू कोण दारावर बांधतं?

फिल्टरकॉफी
😀 हे मान्य.

डबलडेकर
माझा आक्षेप वेगळाच. फोर्टात फुटपाथवर त्या फ्रेमा मिळतात ना, मुंबई राखाडी आणि टॅक्सी तेवढी पिवळी, किंवा बेस्टची बस तेवढी लाल? (टॅक्सी अर्धी काळीच असते म्हणा, तिचे अर्धे कष्ट वाचतात.) जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३मध्ये गेल्या, पद्मिनी टॅक्सी त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी. त्या फ्रेमा अजून विकल्या जातायत. एक रंग ठेवून बाकी शहर धुऊन काढलं की ते शहर उरत नाही, किल्लीला लावायचं खेळणं होतं. छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी ही मुंबई रंगातच टिपली, आणि आपल्याकडचं जगणं रंगातच दिसतं अशी त्यांची भूमिका होती. पोपटी टीशर्ट आणि गुलाबी पिशव्या म्हणजेच दादर. गोंधळ वाटतो तर दोन पावलं पुढे जायचं, बल्बखाली तो पाटीवाला तेवढाच घ्यायचा. जे पायांनी करायचं ते माऊसने कशाला?

पहाटपाळी
दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथे दोन पावलं पुढे जाऊन दाखवा, पुढची चर्चा मग करू.

खालची_बाजू
सगळे कला आणि नियमांवर भांडताय, फोटो नीट कुणी पाहिला का? मोठा करून बघा. पाटी डोक्यावर आहे, वर बल्ब आहे. उजेड फुलांवर पडून खाली उतरणार, आणि उतरताना पिवळा होऊनच उतरणार. म्हणजे त्या माणसाचा कान, पाटी धरलेल्या हाताची बोटं, पांढऱ्या बनियनचा खांदा, सगळ्यावर थोडा पिवळा असणारच. तुम्ही पाटीच्या कडेने मास्क (रंग कुठवर ठेवायचा ती हद्द) कापलात, त्यामुळे फुलं पिवळीजर्द आणि त्याला टेकलेला कान सिमेंटचा. लोकांना खोटं वाटतं ते इथे. कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं. पावसातल्या लाल छत्रीच्या फोटोंची हीच गत. छत्री लाल ठेवतात आणि ओल्या रस्त्यावरचं तिचं प्रतिबिंब राखाडी सोडतात.

माझं म्हणणं एवढंच: रंग ठेवायचा तर वस्तूचा नका ठेवू, उजेडाचा ठेवा. जिथवर तो पिवळा पोचलाय तिथवर.

शाईदौत
हा या धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद. तरीही हा प्रकार मला आवडत नाही, ते सोडा.

पहाटपाळी
खालची_बाजू, दोनशे टक्क्यांवर बघितलं. कान खरंच सिमेंटचा आहे. अंगठ्याच्या नखावर तर मूळ फोटोत चक्क पिवळी कड होती, ती मीच पुसली होती.

काल रात्री बसून मास्क मऊ केला, कान, बोटं, खांदा इथे ब्रशने हलका पिवळा परत आणला. दोन्ही प्रती आईला दाखवल्या, काही न सांगता. ती म्हणाली, "पहिल्यात फुलं ताजी आणि माणूस शिळा. दुसऱ्यात त्याला कावीळ झालीय."

गिरगावकरीण
आईंना परीक्षक करा 😂

खालची_बाजू
ब्रश जास्त लागला असेल. निम्मा करा. आणि मूळ पिवळा परत आणा, वरून नवा फासू नका.

डबलडेकर
अहो, एवढा खटाटोप करण्यापेक्षा रंगीतच ठेवा ना! शेवटी सगळे तिथेच येताय.

पहाटपाळी
ठेवला असता. पण रंगीतमध्ये मागचा बॅनर सगळ्यांत आधी दिसतो. त्यावर एक भावी नगरसेवक भगव्या जाकिटात, हात जोडून, बरोबर पाटीवाल्याच्या खांद्यावरून हसतायत. त्यांना राखाडी केल्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.