ग्राफीनचा ऑप्टिकल स्विच: सिलिकॉननंतरचा रस्ता हाच का?

तरंगवेडा:
फायबरमधून डेटा प्रकाशाच्या रूपात येतो, पण वाट बदलायची तर बहुतेक ठिकाणी आधी त्याची वीज करायची, मग पुन्हा प्रकाश. हा हेलपाटा वाचवायचा तर प्रकाशानेच प्रकाशाला वाट करून द्यायला हवी. जपानमधली दूरसंचार कंपनी एनटीटी आणि तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ते करून दाखवलंय. धातूमधल्या ३० बाय २० नॅनोमीटरच्या फटीत प्रकाश कोंबला आणि वर ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, अंथरलं. एरवी ग्राफीन सिग्नल गिळतं. जोरदार कंट्रोल पल्स, म्हणजे स्विच चालवणारा प्रकाशाचा झोत, आली की इलेक्ट्रॉन्सच्या वरच्या जागा भरून जातात, गिळायला वाव उरत नाही आणि सिग्नल पार होतो. ऊर्जा ३५ फेम्टोज्यूल, वेळ २६० फेम्टोसेकंद (फेम्टो म्हणजे अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग)! माझ्या मते संगणकाच्या चिपमध्ये सिलिकॉननंतरचा रस्ता हाच.

क्लीनरूमवाली:
आकडे खरे, निष्कर्ष पटत नाही. पीएचडीत दोन वर्षं मी ग्राफीन चिपवर चढवलंय. तांब्यावर वाढवायचं, वर पॉलिमरचा थर द्यायचा, तांबं विरघळवायचं आणि पाण्यावर तरंगणारा, जेमतेम दिसणारा तो तुकडा चिपने खालून अलगद उचलायचा. श्वास रोखून धरला तरी सुरकुती पडते. ती नेमकी वेव्हगाइडवर, म्हणजे चिपवरच्या प्रकाशाच्या वाटेवर, आली की आठवडा वाया.

पण खरा आक्षेप वेगळा आहे. स्टॅनफर्डच्या डेव्हिड मिलर यांनी २०१० मध्ये ऑप्टिकल ट्रान्झिस्टरसाठी, म्हणजे संगणकात वापरायच्या प्रकाशाच्या स्विचसाठी, कसोट्या मांडल्या: एकाच्या आउटपुटवर पुढचा चालला पाहिजे आणि बिघडलेला सिग्नल दर टप्प्याला पुन्हा स्वच्छ झाला पाहिजे. इथे प्रकाश वाटेत धातूच खातो. उरलेला अशक्त सिग्नल पुढच्या स्विचची कंट्रोल पल्स कशी होणार? आणि धातू काढताही येत नाही, कारण त्या फटीमुळेच तर ऊर्जा इतकी उतरलीय. आधीच्या ग्राफीन स्विचना सुमारे दहा हजार पट लागायची.

जुना_टेलिकॉम:
वेगाचं एवढं काय? गूगलच्या डेटा सेंटरमधले ऑप्टिकल स्विच चिमुकले आरसे वळवतात. फेम्टोसेकंदांच्या मानाने फारच संथ, तरी चालतात, कारण प्रकाश फारसा वाया जात नाही. घेणारा आधी डेसिबल, म्हणजे किती प्रकाश वाया गेला, ते बघतो.

तरंगवेडा:
@क्लीनरूमवाली, सुरकुत्या हा कारागिरीचा प्रश्न. २००४ मध्ये मँचेस्टरला ग्रॅफाइटवरून चिकटपट्टीने सोललेले ग्राफीनचे कपटे होते, आज तांब्यावर मोठाले पत्रे वाढतात. साखळीचं म्हणणं मात्र मान्य. पण प्रत्येक कामाला साखळी लागते कुठे? वेगवान प्रवाहातून ठरावीक बिट वेगळा काढायचा तर एकच स्विच पुरतो, आणि कंट्रोल पल्स बाहेरच्या लेझरमधून देता येते. @जुना_टेलिकॉम, ते काम आरशाला जमणार नाही.

क्लीनरूमवाली:
बिट वेगळा काढायला, हो, चालेल. मग "सिलिकॉननंतरचा रस्ता" हे शब्द मागे घ्या. ते वाचून पोरं ऑप्टिकल संगणक बांधायला लॅबमध्ये येतात आणि तिसऱ्या वर्षी निराश होतात. या एका कामासाठी असेल, तर मी पुन्हा पाण्यात चिप बुडवायला तयार आहे.