ओल्या पाऱ्याचे 35 अंश

एकांनी लिहिलंय, ‘35 अंशांत माणूस मरतो म्हणे, आमच्या अथणीत 40 नेहमीचंच!’ अहो, तो आकडा ओल्या पाऱ्याचा आहे, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा; घाम सुकून अंग किती थंड होऊ शकेल ते तो सांगतो. तुमचे 40 साध्या, कोरड्या थर्मामीटरचे. माणूस सोसू शकेल अशी ही 35 ची मर्यादा 2010 साली गणितातून मांडली गेली. 2022 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाने धडधाकट तरुणांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ओल्या पाऱ्याच्या 31 अंशांच्या आसपासच निघाली.

घरी मोजता येतं. भिंतीवरच्या थर्मामीटरच्या फुग्याला मलमलीची ओली पट्टी गुंडाळा, सावलीत पंख्यासमोर धरा, आकडा स्थिरावू द्या. पट्टी वाळली किंवा वारा कमी पडला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

चिकोडी-रायबागकडे पाणी दिलेल्या उसात वारा कोंडतो, घाम सुकत नाही. तिथला पाला काढायचं काम कृपया सकाळीच उरका.