‘सिग्नल बॉक्स’ला मराठीत काय म्हणावे?

रूळवाटा
इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथे मिडलंड रेल्वेने 1892 साली उभारलेल्या आणि आता वारसा वास्तू म्हणून जतन केलेल्या सिग्नल बॉक्सवरील लेखाचा मी अनुवाद करीत आहे. सिग्नल बॉक्स म्हणजे सिग्नल आणि सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे हलते रूळ) जेथून हलवतात ती जागा. मी ‘संकेतपेटी’ असे लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘केबिन’ केले. पण केबिन म्हटले की वाचकांना साहेबांची काचेची खोली आठवते. ही तर चांगली दुमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर खिडक्यांची रांग आणि 44 लिव्हरांची चौकट आहे, तर खाली त्या लिव्हरांना एकमेकांशी जखडणारी लोखंडी यंत्रणा आहे. जाणकारांनी शब्द सुचवावा.

निवृत्त सांधेवाला
संपादकांचेच बरोबर आहे. माझे वडील केबिनमन होते आणि ‘बाबा केबिनवर गेलेत’ हे वाक्य आमच्या अख्ख्या रेल्वे चाळीला समजत असे. पेटी म्हटल्यावर वाजवायची की कपड्यांची, हा प्रश्न मात्र नक्की पडेल. आयर्लंडमध्येसुद्धा ‘सिग्नल केबिन’च म्हणतात.

शब्दवेल्हाळ
चाळीत रूढ असलेला प्रत्येक शब्द ग्रंथात यायलाच हवा, असे नाही. ‘संकेतगृह’ हा सुटसुटीत शब्द असताना उसनवारी कशाला? तसे पाहिले तर ‘पेटी’ही अगदीच चुकीची नाही. मिडलंड रेल्वे कारखान्यात तयार झालेले लाकडी तक्ते जागेवर आणून जोडत असे, म्हणजे ती खरोखरच मोठी पेटी होती. ‘बॉक्स’ हे नाव त्यावरूनच पडले असावे.

निवृत्त सांधेवाला
मग मिडलंडखेरीज इतर कंपन्यांच्या विटांच्या इमारतींनाही बॉक्स का म्हणतात? सुरुवातीला रेल्वेचे पोलीस रुळांशेजारी उभे राहून हाताने इशारे देत, म्हणून तिकडे सिग्नलमनला पुढेही ‘बॉबी’ म्हणत राहिले. त्या पोलिसांच्या पहारेकोठीवरून ‘बॉक्स’ आला असावा, असे मला वाटते. ‘संकेतगृह’ वाचून मात्र प्रेमिकांच्या भेटीची जागा डोळ्यांपुढे येते, त्याचे काय करायचे?

मुळाक्षर
रूळवाटा, आपण ‘लिव्हर’ तसाच ठेवला आहे, त्याला ‘खटका’ म्हणता येईल.

निवृत्त सांधेवाला
खटका बोटाने दाबतात. हा दांडा कमरेतून जोर लावून ओढावा लागतो, कारण त्याला जोडलेली तार दूरच्या सिग्नलपर्यंत गेलेली असते. वडील मुठीत फडके धरल्याशिवाय दांड्याला हात लावीत नसत, कारण घासून चकचकीत केलेल्या पोलादावर घामाने गंज चढतो. तिकडच्या जुन्या बॉक्सांतही हीच रीत होती. दांड्यांचे रंगही ठरलेले असतात: थांब्याच्या सिग्नलचा लाल, सांध्याचा काळा, सांध्याच्या कुलपाचा निळा आणि वापरात नसलेला पांढरा.

रूळवाटा
‘दांडा’ पटला. ‘इंटरलॉकिंग’साठी ‘परस्परबंधन’ चालेल का? सांधा चुकीच्या बाजूला असताना सिग्नलचा दांडा हलूच नये, अशी ती व्यवस्था आहे. जॉन सॅक्सबीने 1856 साली तिचे पेटंट घेतले आणि आयर्लंडमधील आर्मा येथील भीषण रेल्वे अपघातानंतर 1889 च्या कायद्याने प्रवासी मार्गांवर ती सक्तीची झाली. लेखातले पुढचे वाक्य मी ‘दांडा ओढला की सिग्नल पडतो’ असे केले आहे.

शब्दवेल्हाळ
‘सिग्नल पडतो’ म्हणजे कोसळतो काय?

मुळाक्षर
गाडीला वाट मिळाली की सिग्नलच्या खांबावरचा हात (आडवी पट्टी) खाली येतो, म्हणून ‘सिग्नल पडला’. हे अस्सल मराठी आहे आणि व्हिक्टोरियन काळाला चपखल बसते, कारण तेव्हा तिकडेही हात खालीच येत असे. 1876 साली इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टनला बर्फामुळे तो खालच्या स्थितीतच अडकला आणि धोका असूनही गाड्यांना वाट मोकळी दिसत राहिली.

शब्दवेल्हाळ
ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी वर उचलले जाणारे हात आले. लेखात त्या काळाचे वर्णन असेल, तर आपले ‘पडणे’ उलटा अर्थ देईल. तेथे ‘सिग्नल उचलला’ असेच लिहावे लागेल.

निवृत्त सांधेवाला
आमच्या स्थानकात रंगीत दिवे लागून कित्येक वर्षे झाली आणि त्यांत वर-खाली होणारे काहीच नाही, तरी फलाटावरचे लोक अजून ‘सिग्नल पडला’ म्हणूनच पिशव्या उचलतात.

शब्दवेल्हाळ
लोक ‘चालू तिकीट’ही म्हणतात. रूळवाटा, ‘संकेतगृह’ नको असेल, तर निदान ‘संकेतघर’ तरी करा.